उपग्रहाची साक्ष आणि जमिनीचा जबाब

‘उपग्रहाच्या छायाचित्रात तसे दिसत नाही’ हे वाक्य अलीकडे आपल्या सार्वजनिक व्यवहारात एखाद्या अंतिम निकालासारखे उच्चारले जाऊ लागले आहे. रानातले शेत आपल्या बापजाद्यांनी कसले असे कोणी सांगावे, माळावर आपली मेंढरे पिढ्यान्‌पिढ्या चरत आली असे कोणी म्हणावे, गावाजवळचे जंगल विरळ होत चालले अशी कोणी तक्रार करावी. समोरून एक रंगीत चित्र पुढे सरकवले जाते आणि बोलणाऱ्याचे बोलणे तेथेच संपते. पूर्वी माणसे बेलभंडार उचलून शपथ घेत, आणि त्या शपथेनंतरही गावचे पंच दोन उलट प्रश्न विचारीत. आकाशातून आलेल्या या नव्या शपथेला उलट प्रश्न विचारण्याची चाल मात्र आपल्यात अजून पडलेली नाही. ती पडावी, यासाठी हा लेखनप्रपंच.

आमचे म्हणणे प्रारंभीच स्पष्ट करतो. उपग्रहाने घेतलेले पृथ्वीचे छायाचित्र हा उत्तम पुरावा आहे; परंतु तो अनेक पुराव्यांपैकी एक आहे. त्याच्या आधारे एखाद्याच्या जमिनीचा निर्णय करावयाचा असेल, तर त्या माणसाला ते चित्र पाहण्याचा, त्यावर आक्षेप घेण्याचा आणि आपला जबाब नोंदविण्याचा अधिकार असला पाहिजे. एवढी साधी गोष्ट सांगावयास लेख कशाला हवा, असे कोणी म्हणेल. लेख हवा, कारण व्यवहारात नेमके याच्या उलट घडते, आणि ते विज्ञानाच्या नावाने घडते म्हणून त्याविरुद्ध बोलणाऱ्याला अडाणी ठरविणे सोपे जाते.

आम्हांला विज्ञानाचे वावडे नाही. उलट या विद्येचा आम्हांस अभिमान आहे. १७ एप्रिल १९८३ रोजी श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ या अग्निबाणाने ‘रोहिणी’ मालिकेतील आरएस-डी२ हा उपग्रह कक्षेत नेऊन ठेवला. त्याचे वजन अवघे ४१.५ किलो, म्हणजे एका क्विंटलच्या ज्वारीच्या पोत्याच्या निम्म्याहूनही कमी. त्याच्या वाट्याला आलेली वीज १६ वॅट. तेवढ्यात घरातला एखादा दिवा लागावा. त्यापूर्वी १९७९ आणि १९८१ साली गेलेल्या दोन्ही ‘भास्कर’ उपग्रहांवर दूरचित्रवाणीचे कॅमेरे होते, पण ते उपग्रह सोव्हिएत अग्निबाणांनी वर नेले होते. आरएस-डी२ हा आपलाच उपग्रह आपल्याच अग्निबाणाने गेला. पृथ्वीपासून कधी ३७१, तर कधी ८६१ किलोमीटर अंतरावरून फिरत त्याने दृश्य आणि अवरक्त प्रकाशात अडीच हजारांवर चित्रे पाठवली, आणि १९९० साली वातावरणात शिरून तो नष्ट झाला. गरीब देशाने आपली भूमी स्वतःच्या डोळ्यांनी वरून पाहावी, या आकांक्षेतले हे एक लहानसे पण मानाचे पाऊल होते.

या उपग्रहाच्या कॅमेऱ्याचा एक विशेष आमच्या आजच्या विषयाशी थेट निगडित आहे. तो नुसती चित्रे घेत नसे. खाली काय दिसते आहे, याची वर्गवारी करण्याची सोय त्याच्यात वरच्या वरच होती. पाणी, वनस्पती, उघडी जमीन, ढग आणि बर्फ असे प्रकार तो ओळखू शके. इतक्या छोट्या यंत्राने हे करावे, ही कौतुकाची गोष्ट होती आणि प्रयोग म्हणून एवढी नावे पुरेशी होती. परंतु पाहणे आणि नाव देणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे या जोडकामात सहज नजरेआड होते. प्रकाश मोजणे हे यंत्राचे काम आहे. मोजलेल्या प्रकाशाला ‘वनस्पती’ म्हणावे की ‘उघडी जमीन’, याचा नियम आधी माणसाने ठरवून दिलेला असतो. वाद होतो तो या दुसऱ्या क्रियेबद्दल; आणि सरकारी कागदावर दुसऱ्या क्रियेचे फळ पहिल्या क्रियेच्या नावाने खपविले जाते.

हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. आपण ज्याला छायाचित्र म्हणतो तो वस्तुतः आकड्यांचा तक्ता असतो. जमिनीचे लहान लहान चौकोन कल्पिलेले असतात आणि प्रत्येक चौकोनातून कोणत्या प्रकारचा प्रकाश किती परत आला, याची नोंद उपग्रह खाली पाठवितो. निरोगी हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परतवते. पाणी अवरक्त प्रकाश जवळजवळ गिळून टाकते. या भेदावरून पान, पाणी आणि माती वेगळी करता येतात. मग अवरक्ताला लाल रंग देऊन चित्र रंगवले, की सारी हिरवळ त्यात लालभडक दिसते. यंत्राला पान कळते. ते पान सागाचे की निलगिरीचे, ते झाड जंगलातले की शेताच्या बांधावर राखलेले, त्याखालची जमीन कोणी आणि किती वर्षे कसली, यांपैकी काहीही परत आलेल्या प्रकाशात लिहिलेले नसते.

आता चौकोनाचे माप पाहा. देशाच्या वनस्थितीचा अहवाल ज्या भारतीय उपग्रह-चित्रांवर वर्षानुवर्षे आधारला गेला, त्यांतील एका चौकोनाची बाजू २३.५ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे साडेपाच गुंठे. ज्याची सगळी वहिवाट वीस-पंचवीस गुंठ्यांची, त्याचे अख्खे जगणे अशा चार-पाच ठिपक्यांत मावते. त्यातच मोह, आंबा, हिरडा अशी उपयोगी झाडे शेतात उभी ठेवण्याची आदिवासी शेतकऱ्यांची रीत आहे. झाडाच्या माथ्याखाली पेरलेले पीक वरून दिसत नाही. दिसतो तो माथा. ज्याने झाड जपले, त्याचेच शेत चित्रात नाहीसे होते.

वेळेचाही प्रश्न आहे. वनांच्या नोंदीसाठी साधारणपणे ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांतली चित्रे घेतात, कारण तेव्हा आकाश निरभ्र असते आणि झाडांवर पाने असतात. त्या सुमारास डोंगरउतारावरची नाचणी-वरी बहुधा कापून खळ्याकडे निघालेली असते. शिवाय वरकस जमीन दोन-तीन वर्षे पिकवून काही वर्षे पड ठेवण्याची कोकणातली पद्धत सर्वांना ठाऊक आहे. पड ठेवलेल्या वर्षीचे चित्र घेतले, तर त्यात गवत आणि झुडपे दिसणार. आणि कागदावर ‘लागवड आढळून येत नाही’ असे उमटणार. वेळ चुकली की अपराधही लपतो. पंजाब-हरियाणात भाताचे तण जाळल्याच्या ठिकाणांची मोजणी मुख्यतः दुपारी दीडच्या सुमारास वरून जाणाऱ्या उपग्रहांच्या नोंदींवर होत आली. २०२४ साली अभ्यासकांनी भूस्थिर उपग्रहाच्या नोंदींशी ताडून दाखवले, की पुष्कळशा आगी ते उपग्रह निघून गेल्यावर लागत होत्या. चित्र खोटे नव्हते. ते ज्या क्षणाचे होते, त्या क्षणापुरतेच खरे होते.

माप आणि वेळ यांवर उपाय सापडतील. चौकोन लहान होत चाललेच आहेत. १९८८ साली गेलेल्या आयआरएस-१ए उपग्रहाचा एक कॅमेरा ७२.५ मीटरांचा चौकोन पाहत होता. १९९५ साली गेलेल्या आयआरएस-१सीने तो ५.८ मीटरांवर आणला. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी श्रीहरिकोट्याहून एकाच उड्डाणात जे १०४ उपग्रह सोडले गेले, त्यांतील ८८ एका अमेरिकी कंपनीचे, प्रत्येकी पाच किलोंच्या आतबाहेरचे होते आणि पृथ्वीची छायाचित्रे घेणे हेच त्यांचे काम होते. तेव्हा चित्र अधिक बारीक होईल, अधिक वेळा मिळेल. पण नावाचा प्रश्न बारकाव्याने सुटणारा नाही. कितीही स्वच्छ चित्रात झाड दिसेल; त्याला जंगल म्हणावे की बाग, हे चित्र सांगणार नाही.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून देशाच्या वनस्थितीचे अहवाल काढीत आहे. तिच्या व्याख्येनुसार एक हेक्टर किंवा अधिक क्षेत्राच्या ज्या जमिनीवर झाडांच्या माथ्यांची सावली दहा टक्क्यांहून अधिक पडते, ती जमीन ‘वनाच्छादन’ होय. मग ती कोणाच्याही मालकीची असो, कायद्याने वन असो वा नसो, तिच्यावर फळबाग असो, बांबू असो की नारळी. संस्थेने ही व्याख्या कधी दडवून ठेवली नाही. ती अहवालात छापलेली असते. तथापि २०२३ च्या अहवालात वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे देशाच्या २१.७६ टक्के असल्याचे प्रसिद्ध होताच ‘देशातील जंगल वाढले’ अशी वाक्ये ऐकू येऊ लागली. जुने राईचे जंगल एका ठिकाणी तुटले आणि दुसरीकडे तेवढ्याच क्षेत्रावर निलगिरी लावली, तर बेरीज तीच राहते. पण ज्यांचा मध, डिंक आणि कंदमुळे त्या राईत होती, त्यांची बेरीज कोणत्या रकान्यात मांडावयाची?

साहित्याच्या मासिकात हा विषय कशाला, असे विचारणाऱ्यांस आमचे उत्तर येथेच आहे. हा वाद शब्दांचा आहे. आपल्या भाषेने जमिनीला किती नावे दिली ते पाहा: माळ, गायरान, कुरण, वरकस, खाजण, पड, राई, देवराई. प्रत्येक नावात त्या जमिनीचा उपयोग, तिच्यावरचा हक्क आणि तिच्याशी वागण्याची रीत सामावलेली आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या साहाय्याने सिद्ध झालेल्या २०१९ च्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात ५.५७ कोटी हेक्टरांहून अधिक जमीन, म्हणजे देशाचा सुमारे सतरा टक्के भाग, ‘पडीक’ या सदरात मांडलेला आहे. तीत झुडुपी जमीन येते, आणि तिच्याबरोबर दख्खनचे कितीतरी माळही येतात. जो पक्षी आपल्या नावातच माळ घेऊन हिंडतो, त्या माळढोकासाठी सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली अभयारण्य करावे लागले. त्याचे घर मात्र नकाशात पडीक! धनगराच्या दृष्टीने जे रान सर्वांत भरले, ते कचेरीच्या दृष्टीने रिकामे. आणि एकदा जमीन रिकामी ठरली, की तिच्यावर काय उभारावे याच्या योजना आपोआप सुचू लागतात. नाव बदलले की मालक बदलण्यास फार काळ लागत नाही.

शास्त्रज्ञांना या मर्यादा आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत, हे येथे आवर्जून नोंदविले पाहिजे. भारतातील दूरसंवेदनाचे जनक मानले जाणारे पिषारोटी यांनी १९७० साली केरळात नारळीच्या रोगाचा माग काढण्यासाठी हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर बागांची छायाचित्रे घेतली, तेव्हा फिल्मवरचा डाग आणि जमिनीवरचे झाड यांचा मेळ घालणे हाच त्या प्रयोगाचा गाभा होता. या शास्त्रात ‘भूसत्य’ असा एक सुंदर शब्द रूढ आहे. चित्रात जे दिसले ते प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळावयाचे, असा त्याचा अर्थ. वन सर्वेक्षण संस्थाही आपल्या वर्गवारीतील अचूकतेचे प्रमाण स्वतः मोजून छापते. २०२१ च्या अहवालात वन आणि वनेतर हा भेद ओळखण्यातील अचूकता ९५.७९ टक्के दिली होती. देशाच्या सांख्यिकीसाठी हे प्रमाण उत्तम आहे. पण शंभरांत चार ठिकाणी नाव चुकू शकते, हाही त्याचाच अर्थ. देशाच्या बेरजेला ही चूक पेलते. ज्या घराचे शेत त्या चारांत सापडले, त्या घरापुरती ती चूक शंभर टक्के असते.

मग शास्त्रज्ञाची ही सावधगिरी जाते कोठे? याचे उत्तर आमच्यासारख्यांनी द्यावयाचे नाही, तर कोणी द्यावयाचे? आम्ही केंद्र सरकारच्या कचेरीत कारकुनी करणारी माणसे आहोत. फायलीला जोडलेल्या सहपत्राचे सामर्थ्य आम्ही ओळखून आहोत. चित्राबरोबर मूळ अहवाल असतो. त्यात तारीख, चौकोनाचे माप, संभाव्य चूक हे सारे दिलेले असते. पहिल्या टिप्पणीत त्याचे एक वाक्य होते: ‘उपग्रह-चित्र पाहता सदर क्षेत्रात लागवड आढळून येत नाही.’ वरच्या टेबलावर त्याखाली ‘सहमत’ असे लिहिले जाते. त्याच्याही वर नुसती सही होते. आदेश निघतो तेव्हा त्यात फक्त ‘पुराव्याअभावी अमान्य’ एवढेच उरते. मूळ चित्र उघडून पाहणारा या साखळीत बहुधा एकच असतो, आणि जागेवर गेलेला कदाचित कोणीच नसतो. यात कोणी दुष्ट असावा लागत नाही. कागद वर चढताना प्रत्येक पायरीवर थोडी शंका गळते, आणि शेवटच्या पायरीवर निव्वळ खात्री तेवढी पोचते.

वनहक्क कायद्याच्या अंमलबजावणीत या खात्रीची किंमत माणसांनी मोजली. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासीला तिचा हक्क द्यावा, असे त्या कायद्याचे साधे सूत्र आहे. पुरावा म्हणून काय चालेल, याच्या नियमांत घर, बांध, विहीर, दफनभूमी, देवस्थान यांबरोबर गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी नोंदविलेला जबाबही मोजला आहे. तरीसुद्धा गुजरातेत उपग्रह-चित्रांवर विसंबून मोठ्या संख्येने दावे नाकारले गेले. २०१२ साली नियमांत दुरुस्ती होऊन स्पष्ट लिहावे लागले, की उपग्रह-चित्र इतर पुराव्यास पूरक ठरू शकते, त्याची जागा घेऊ शकत नाही. २०१३ साली गुजरात उच्च न्यायालयाने नाकारलेल्या दाव्यांचा फेरविचार करण्यास सांगितले. कायदा इतका निःसंदिग्ध असताना १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे अमान्य झालेल्यांना जमिनीवरून हटविण्याचा आदेश दिला आणि अतिक्रमणांची उपग्रहाद्वारे पाहणी करण्यास वन सर्वेक्षण संस्थेला सांगितले. २८ फेब्रुवारीला त्या आदेशास स्थगिती मिळाली. पण त्या पंधरा दिवसांत लाखो कुटुंबांच्या डोक्यावर जी तलवार टांगली गेली, तिच्या मागे ‘दावा अमान्य’ हे दोन शब्द होते. आणि त्या शब्दांमागे किती ठिकाणी फक्त एक चित्र होते, याची कोणी झडती घेतली नव्हती.

आमच्या विरोधकांचा खरा मुद्दा आम्ही टाळू इच्छीत नाही. ते म्हणतात, माणूस खोटे बोलतो. जबाब पढवून घेता येतो, पंचनामा घरबसल्या होतो, चार पैशांनी जागेवरची पाहणी हवी तशी लिहून मिळते. उपग्रहाला लाच देता येत नाही. हा मुद्दा वजनदार आहे. बळकावलेली जमीन, चोरून केलेले खोदकाम, बुजवलेले तलाव यांचा छडा या चित्रांनीच लागतो, आणि ती नसती तर आपण अधिक अंधारात असतो. परंतु उपग्रहाला लाच देता येत नसली, तरी कोणत्या तारखेचे चित्र घ्यावे, हे निवडणारा माणूसच असतो. कोणत्या चौकोनाला काय नाव द्यावे, हेही माणूसच ठरवितो. अप्रामाणिकपणा जागेवरून उठून टेबलावर आला, एवढ्याने तो नाहीसा झाला असे होत नाही. फक्त तेथे तो पकडण्यास गावकऱ्यांचा हात पोचत नाही.

आणि तो हात पोचला तर काय होते, याचेही उदाहरण गुजरातेतच आहे. तेथील काही आदिवासी गावांनी जीपीएस यंत्रे स्वतः हाती घेऊन आपल्या शेतांच्या सीमा पायी फिरून मोजल्या, त्या उपग्रह-चित्रावर बसविल्या आणि त्याच चित्राच्या बळावर आपले दावे भक्कम केले. ज्या साक्षीदाराने त्यांना बुडविले, त्यालाच त्यांनी आपल्या बाजूने बोलते केले. चित्राशी त्यांचे वैर नव्हते. चित्र दोघांनी मिळून वाचावे, एवढाच त्यांचा आग्रह होता.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. पहिली: ज्या निर्णयास उपग्रह-चित्राचा आधार घेतला, त्या निर्णयात चित्राची तारीख, चौकोनाचे माप आणि वर्गवारी करणाऱ्याचे नाव असले पाहिजे. साध्या टिप्पणीखालीदेखील आम्हां कारकुनांस सही आणि तारीख घालावी लागते. आकाशातून आलेल्या कागदाला त्यातून सूट कशासाठी? दुसरी: चित्राची प्रत संबंधितास विनामूल्य आणि त्याच्या भाषेतील खुलाशासह मिळाली पाहिजे. पाच मीटर व त्याहून ढोबळ चित्रे सर्वांस मोकळी करण्याचे तत्त्व २०२३ च्या अंतराळ धोरणाने मान्य केलेच आहे. ज्याची जमीन पणास लागली, त्याला बारीक चित्रही दाखवावयास हरकत नसावी. तिसरी: एका तारखेच्या एका चित्रावरून कोणाचाही हक्क अमान्य होऊ नये, पडीच्या वर्षीचे आणि पिकाच्या वर्षीचे चित्र शेजारी ठेवावे. चौथी: माणसाचा जबाब आणि चित्र यांत विरोध आला, तर जागेवर गेल्यावाचून निर्णय करू नये. पाचवी: नकाशांतील जमिनींच्या प्रकारांची नावे ठरविताना त्या त्या प्रदेशातील लोकांचे शब्द विचारात घ्यावेत. माळाला माळ म्हणावे, गायरानाला गायरान. त्याने शास्त्राचे काही बिघडणार नाही, आणि अनेकांचे पुष्कळ वाचेल.

यांतील एकाही मागणीस नवा उपग्रह सोडावा लागत नाही. ४१.५ किलोंच्या यंत्राला साडेआठशे किलोमीटरांवर पोचवून ज्या देशाने आपली भूमी पाहिली, त्या देशाच्या अधिकाऱ्याला तालुक्याच्या गावाहून शेताच्या बांधापर्यंत जाता येत नसेल, तर उणीव विज्ञानात नाही. त्याने जावे, बांधावर उभे राहून चित्र उघडावे आणि समोरच्या म्हाताऱ्याला विचारावे, ‘बाबा, यात तुमचे शेत कोठे आहे ते दाखवा.’ त्यानंतर त्याने जो निर्णय लिहावयाचा तो लिहावा.